वहिनींची लहरी टेस्ट

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा त्याच टीममध्ये, म्हणून हे फुकटचं नातं. सलाइनची बाटली संपत आली की वॉर्डात भोंगा वाजवणारा प्रोग्राम नवऱ्याने लिहिला होता, आणि तो खरंच वाजतो का हे रोज आपोआप तपासणारी टेस्ट तिने. भोंगा वाजला तर पडद्यावर हिरवं, नाही वाजला तर लाल.

पंचाईत अशी, की त्याच प्रोग्रामवर तीच टेस्ट कधी हिरवी यायची, कधी लाल. "वहिनी, तुमची टेस्ट भारी लहरी बुवा," म्हणत पोरं दात काढायची. खोट भोंग्यातच आहे, हे तिचं पालुपद कुणी मनावर घेईना. साहेबांनी तर बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत सुधारा, नाहीतर काढून टाका. भोंगा हॉस्पिटलात जायचाय."

आणि बुधवारपासून टेस्ट सुतासारखी सरळ! हिरवी म्हणजे हिरवीच. साहेबांनी शाबासकी दिली. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिने टेस्टला बोटही लावलं नव्हतं, आणि नवरा म्हणत होता, त्यानेही प्रोग्राम बदललेला नाही. मग दुखणं बरं झालं कुणाच्या औषधाने? आधी तिला शेजारच्या टेबलावरच्या खुशमस्कऱ्याचा संशय आला, मग मशीनचा. घरी जेवताना ती नवऱ्याकडे टक लावून बघे, तर तो भाजीचं कौतुक करे. इतकं कौतुक त्याने लग्न झाल्यापासून केलं नव्हतं.

शुक्रवारी तिने सापळा लावला. प्रोग्रामच्या आपल्या कॉपीत भोंगा मुद्दाम असा बिघडवला की तीनदा सांगितल्यावर एकदाच वाजावा. टेस्ट सुरू केली आणि पडद्याला डोळे लावून बसली. लाल चमकलं, लगेच पुसलं गेलं. पुन्हा लाल, पुन्हा पुसलं. मग हिरवं आलं आणि तेवढंच पडद्यावर राहिलं.

नापास झाली तर पास होईपर्यंत गुपचूप पुन्हा चालवायची, अशी कुणीतरी सोय करून ठेवली होती.

"हे कुणी केलं?" तिने मोठ्याने विचारलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकच खाली गेली, आणि ती तिच्या चांगल्या ओळखीची होती.

"तुला हसत होते गं सगळे," नवरा पुटपुटला. "म्हटलं, एकदाची हिरवी दिसू दे."

"मला हसत होते म्हणून, की भोंगा तुझा म्हणून?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ती सोय काढून टाकली, साहेबांना बोलावलं आणि खऱ्या प्रोग्रामवर टेस्ट चालवली. हिरवी. पुन्हा हिरवी. आता तिलाच घाम फुटला. त्यानंतर लाल.

"बाटली रिकामी आणि भोंगा गप्प, साहेब. आता पेशंटला सांगा, बाटली पुन्हा संपवून बघ."

साहेबांनी फोन उचलला आणि भोंग्याची रवानगी थांबवली.

संध्याकाळी नवऱ्याने तिला जिन्यात गाठलं. "चुकलं माझं. पण माझा तुझ्यावर विश्वास होता गं. अगदी खरं सांगतो."

ती उतरता उतरता थांबली.

"हे कितव्या खेपेला जमलं?"