टाळलेली धार

ऊन आलं! पौषातलं कोवळं ऊन, हळदीच्या पाण्यासारखं पातळ, उसाच्या रुपेरी तुऱ्यांवरून ओघळत, धुक्याची दुलई बाजूला सारत कृष्णाकाठच्या गवळीगल्लीत उतरलं. काळ्याभोर, तेलतुकतुकीत म्हशींच्या पाठींवरून वाफा उठल्या. गोठ्यागोठ्यांतून एकच नाद घुमू लागला, चर्र चर्र, चर्र चर्र. पितळी चरव्यांत धारा पडत होत्या.

काय सांगावं त्या गल्लीचं वैभव! तिथं दूध तापतं, दूध उतू जातं, दूध विरजतं, दूध सायकलींच्या दोन्ही अंगांना लटकून तालुक्याला निघतं. सकाळ दुधानं उजाडते, सांज दुधानं मावळते. आणि अशा क्षीरसमृद्ध, शुभ्रसंपन्न गल्लीत, गिरिजाक्कांच्या मधल्या खोलीत, एक बाई दुधासाठी रडत बसली होती.

ती शिवलीला, गिरिजाक्कांची थोरली सून. पहिलटकरीण. सव्वा महिन्याचा मल्लिकार्जुन कुशीत घेऊन ती नुकतीच माहेराहून आली होती. एवढुसं पोर, नाव मात्र देवळाच्या कळसाएवढं. म्हणून सगळे त्याला मल्लूच म्हणत.

माहेरी काय पान्हा होता, महाराजा! आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आणि वर आईचा धाक. मल्लू नुसता कुरकुरला तरी चोळी ओलीचिंब व्हायची. छाती भरून, ताठरून, दगडासारखी ठणकायची. मल्लूला ठसका लागायचा, नाकातोंडात दूध जायचं, आणि शिवलीला कण्हता कण्हता मनातून फुशारायची.

आणि आता? आता छाती मऊ. सकाळी मऊ, दुपारी मऊ, सांजेला तर रिकामीच वाटावी इतकी मऊ. मल्लू प्यायचा, सोडायचा, रडायचा, पुन्हा तोंड लावायचा, मुठी आपटायचा, लालेलाल व्हायचा. दिवेलागणीला तर त्याचा नुसता आकांत चालायचा.

गिरिजाक्कांपासून हे लपणार थोडंच! अहो, गिरिजाक्का म्हणजे गल्लीचं कोर्ट. बाजारात म्हैस घ्यायची तर आधी त्यांना पुढं घालायचं. कासेवर हात टेकवला की म्हैस किती दूध देईल ते त्या सांगत, आणि त्यांचं सांगणं सहसा चुकत नसे.

"भरून येतंय का गं, पहिल्यासारखं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आत्या."

"मग आटलं म्हणायचं. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

आटलं! गोठ्यात रोज बोलला जाणारा शब्द, पण शिवलीलेच्या काळजात तो काट्यासारखा रुतला. गिरिजाक्का काही दुष्ट नव्हत्या हो. बोलल्या खऱ्या, आणि लगेच तोंड फिरवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, तडतडल्यासुद्धा. मग त्यांनी आपल्या अकलेनं उपाय काढला.

"साठू दे जरा. सारखं सारखं लावत बसू नगंस त्याला. रडू दे घटकाभर. छाती भरली म्हंजे पोटभर मिळंल. आजचा दिस बघू, न्हाईच भागलं तर उद्यापासनं बाटली."

बाटली आणलीही होती. डॉक्टरांनी इतक्या लहान पोराला म्हशीचं दूध नको म्हटलेलं, तेव्हा पावडरीचा डबाही आणलेला. गवळ्याच्या घरात पावडरीचं दूध! गिरिजाक्कांनी तो डबा पदराखाली लपवून आणला होता, गल्लीला दिसू नये म्हणून.

बाटलीत काही विष नव्हतं. बाटलीवर वाढलेली पोरंही तालमीत घुमतात, फडात उतरतात. पण शिवलीलेला तो गळामिठीचा घोट हवा होता. छातीशी लुचणारे ते चिमुकले ओठ, गळ्याशी टेकलेली ती इवली मूठ, पिता पिता जड होत जाणाऱ्या त्या पापण्या तिला हव्या होत्या. हे सुख उद्या आपल्या हातून जाणार, या विचारानं ती कासावीस झाली होती.

म्हणून तिनं सासूचं ऐकलं. मल्लू रडला, ती थांबली. मल्लूनं टाहो फोडला, ती दात आवळून थांबली. त्याच्या प्रत्येक टाहोसरशी तिच्या छातीत आतून काहीतरी सरसरत यायचं, झिणझिण्या उठायच्या, आणि ती दोन्ही हात छातीशी आवळून ते थोपवून धरायची. आटलं असेल तर हे येतंय तरी काय, असं तिला वाटायचं, पण विचारायचं कुणाला?

सांज झाली. नदीवर केशर सांडलं. म्हशी रवंथ करत उभ्या, रेडकं दाव्याला हिसके देतायत, आणि गिरिजाक्का गुडघ्यांत चरवी धरून एकेकीची धार काढत पुढं सरकतायत. शिवलीला रडता मल्लू खांद्यावर घेऊन गोठ्याच्या दारात आली. एका जागी बसवेना तिला.

कोपऱ्यात चांदणी उभी होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली गाभण म्हैस. गिरिजाक्का तिच्यावरून सरळ पुढं गेल्या.

"आत्या, चांदणीची धार राहिली."

"राहिली न्हाई, टाळली. आटवायला काढलीया तिला, आता विणार की ती. आज एक धार टाळायची, उद्या दोन टाळायच्या. दूध कासंत तसंच राहू द्यायचं. मग जनावराला कळतं, आपलं दूध कुणाला नको झालंय. येतंय ते बी थांबतं."

शिवलीला दारातून दोन पावलं आत आली.

"आणि जिचं वाढाया हवं, तिचं?"

"तिचं वेळच्या वेळी, पार शेवटच्या थेंबापतूर काढायचं! एवढं बी ठावं न्हाई व्हय गवळ्याच्या सुनंला?"

"आता ठावं झालं, आत्या." शिवलीलेनं मल्लूला खांद्यावरून छातीशी घेतलं. "मग मला का आटवायला काढलंय?"

चर्र चर्र थांबलं. गिरिजाक्कांचा हात कासेवर तसाच राहिला.

"अगं बया! बया, बया, बया!" दुधानं भरलेला हात त्यांनी फाडकन कपाळावर मारून घेतला. "जलम गेला माझा शेणात, आन् घरच्या लेकुरवाळीचं मला कळंना? साठू दे म्हणं! रडू दे म्हणं! अगं, हान माझ्या थोबाडीत!"

त्या उठल्या त्या तरातरा अंगणात. तिथं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीवर लंगोटच लंगोट! धुतलेले, पिळलेले, एकमेकांना खेटून वाळत घातलेले, ओझ्यानं दोरी पार वाकलेली. सकाळपासून त्या लंगोटांच्या नावानं त्याच तर बोटं मोडत होत्या.

"आडात न्हाई म्हणं! मग हा पोहरा कुणी वतला गं एवढा? धुऊन धुऊन कंबरडं मोडलं माझं! प्याल्याबिगर मुतंल का पोरगं?"

आणि दोघी हसल्या. अश्रू पुसत, नाक ओढत, खांबाला धरून हसल्या.

खरंच, किती साधं होतं ते! नवा पाहुणा घरी आला की तो किती जेवतो याचा अंदाज नसतो. आपण परातभर कणीक भिजवतो. पाहुणा रुळला की कणीक बेताची होते, पण तो काही उपाशी राहत नाही. शिवलीलेच्या देहानं लेकराची भूक ओळखली होती, म्हणून छाती मऊ झाली होती. आणि सांजेचा तो आकांत? वाढत्या अंगाचा मल्लू आपली उद्याची कणीक आजच सांगून ठेवत होता. त्याचं सांगणं ऐकायला मात्र कुणी तयार नव्हतं.

"बस हितंच! बस, बस!" गिरिजाक्कांनी गोठ्याच्या दारातच वाकळ अंथरली, पाठीशी उशी कोंबली. "पाज. मागंल तवा पाज. एक अंग झालं की दुसरं अंग. घड्याळाकडं बघशील तर माझ्याशी गाठ हाय!"

मल्लूनं तोंड लावलं. ओढलं, थांबला, ओढलं, थांबला. रागानं डोकं हलवलं, मूठ आपटली, पुन्हा ओढलं. शिवलीलेनं डोळे मिटले आणि या वेळी काहीच थोपवलं नाही.

आणि आला! सरसरत आला, झिणझिणत आला, खांद्यांतून, काखेतून, काळजाच्या देठातून पान्हा आला! शुभ्रस्निग्ध, उष्णमधुर, लेकराच्या हाकेला ओ देत आला! मल्लूच्या गळ्यात घुटुक झालं. घुटुक, घुटुक, घुटुक. एवढ्या म्हशींच्या त्या गोठ्यात तेवढाच एक आवाज शिवलीलेला ऐकू येत होता.

एका सांजेत सगळं झालं नाही, होतही नाही. मल्लू पुन्हा रडला, पुन्हा प्यायला. पुढचे चार दिवस शिवलीलेची मांडी रिकामी झाली नाही. गिरिजाक्कांनी घरातलं एक काम तिला करू दिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला, तांब्या हाताशी ठेवला, "सारखं काय पाजतीस" म्हणायला आलेल्या शेजारणीला दारातूनच वाटेला लावलं. दोरीवरचे लंगोट काही कमी होईनात, आणि आता त्यांच्या नावानं कुणी बोटंही मोडीना. बाटली फडताळात कोरडी पडून होती.

मग एका सकाळी मल्लू प्यायला, पोटभर प्यायला, आणि त्यानं आपणहून तोंड सोडलं. रडला नाही. हात सैल, मूठ उघडी, गाल टम्म. त्यानं मान वर केली आणि आईच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं, जणू ही बाई आज प्रथमच दिसतेय. मग त्याचे ओठ थरथरले, रुंदावले, आणि तो हसला. जन्मल्यापासून पहिल्यांदा, जाणून, ओळखून, बोळकं पसरून तो आईकडं पाहून हसला.

तोंडात अजून घोट होता. हसता हसता तो ओघळला, जिवणीतून हनुवटीवर, हनुवटीवरून शिवलीलेच्या मनगटावर.

"सांडलं की गं!" भरली चरवी घेऊन दारात आलेल्या गिरिजाक्का ओरडल्या, आणि चरवी तिथंच ठेवून, फतकल मारून, नातवाच्या पुढ्यात बसल्या.

गवळ्याच्या घरात दूध सांडलं होतं. कुणी रागावलं नाही, कुणी पुसलं नाही. सांडलं, सांडू दिलं, आणि सगळं घर त्या एका ओघळाकडं पाहत हसत राहिलं.