रिगाची दोन मतं

बोदिल चोवीस वर्षं कोपनहेगनच्या संसदेत युरोप समितीची सल्लागार होती. ब्रसेल्सहून कायद्याचा मसुदा आला की पहिल्यांदा तिच्या टेबलावर यायचा. मंत्र्याने तिथे जाऊन काय बोलायचं हे समिती ठरवी, आणि त्याचे शब्द बोदिल लिही. मंत्री तिला वचकून असत.

मग टीरा आली. वय एकतीस, चार भाषा फाडफाड बोलणारी. दुसऱ्याच महिन्यात समितीचा अध्यक्ष प्रेबेन भर बैठकीत म्हणाला, "टीराचं टिपण वाचलंत? इतकं सोपं आजवर कुणी लिहिलं नव्हतं!"

आजवर! बोदिलने हातातला पाव बशीत परत ठेवला.

त्या शरदात मासेमारीचा मसुदा आला. होडी केवढीही असो, तिच्यावर कॅमेरा आणि वजनाचं यंत्र हवंच. जटलंडच्या किनाऱ्यावरून बोदिलच्या भावाचा, आयनारचा फोन आला, "बोदिल, एवढं सगळं होडीत ठेवलं तर मी बसू कुठं? माशांच्या मांडीवर?"

'ही बाब ब्रसेल्सची नव्हे, आमची,' असं देशोदेशींच्या संसदांनी आठ आठवड्यांत कळवायचं असतं. एकेका देशाची दोन मतं. अठरा मतं जमली की ब्रसेल्सला मसुद्याचा फेरविचार करावाच लागतो. हरकतपत्र प्रेबेनने टीराला लिहायला सांगितलं.

मंगळवारी सकाळी टीरा कागद घेऊन आली. "बोदिल, एकदा नजर टाकतेस? तू पाहिल्याशिवाय मला धीर होत नाही. आजच बाकीच्या संसदांना पाठवायचंय. रिगाच्या संसदेची मुदतीआधीची शेवटची बैठक उद्या आहे, ते आपल्या पत्रासाठी थांबलेत."

"ठेव तिथे," बोदिल म्हणाली.

तिने वाचलं. एक शब्द हलवायची सोय नव्हती. बोदिलने ऑफिसात सांगितलेली आयनारची अडचण टीराने अशी मांडली होती, जणू तीच रोज पहाटे त्याच्याबरोबर जाळं ओढत होती. हे मला सुचायला हवं होतं, बोदिलला वाटलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कागद खणात टाकला.

दुपारी टीराने दारातून विचारलं, "झालं का गं?"

"घाई करू नकोस. चुका आहेत."

बुधवार तसाच गेला. गुरुवारी बोदिलने तीन स्वल्पविराम बदलून कागद परत दिला.

मुदत संपली तेव्हा मतं भरली सोळा. रिगाहून निरोप आला: पत्र वेळेवर मिळालं असतं तर आम्हीही सामील झालो असतो.

"माझंच चुकलं," टीरा डोळे पुसत म्हणाली. "मी तुझ्या मागे लागायला हवं होतं."

हे मात्र बोदिलला सोसवेना. "तुझं काही चुकलं नाही. पत्रात एकही चूक नव्हती. मी मुद्दाम दाबून ठेवलं."

"मुद्दाम? का?"

"चांगलं होतं म्हणून."

"तुझा भाऊच आहे ना त्या होडीत?" एवढंच विचारून टीरा बाहेर पडली.

बोदिलने प्रेबेनकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्याने रागाने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "आता मंत्र्याला तरी अटीने बांधू. लिही."

तिने लिहिलं: दहा मीटरखालच्या होड्यांना सूट मिळाल्याशिवाय मंत्र्याने होकार द्यायचा नाही. समितीने ते जसंच्या तसं मंजूर केलं. ब्रसेल्समध्ये मंत्री दोन दिवस हटून बसला. कायमची सूट नाही मिळाली, पण लहान होड्यांना चार वर्षांची मुदत मिळाली.

"चार वर्षांनी मी निवृत्तच होतोय," आयनार फोनवर म्हणाला. "पण शेजारचा पोरगा आताच होडी विकायला निघालाय."

नाताळच्या सुमारास वरिष्ठ सल्लागाराची जागा टीराला मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोदिलनेही वाजवल्या, आणि छातीत तीच जुनी कळ उठली. टीरा तिच्याशी अजून कामापुरतंच बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिने एक टिपण बोदिलच्या टेबलावर ठेवलं. "अकरापर्यंत हवंय."

बोदिलने ते पावणेअकराला नेऊन दिलं.