पिठाच्या डब्यातला राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. कपाटावर धूळ पांघरून बसलेला, दोन शिंगांचा. कारखान्यात माझ्या पाठीवर आकडे चिकटवले, पण माझ्यातून जे निघतं ते कसलं, हे मला कुणी सांगितलं नाही. ना त्याला रंग, ना वास. तरी घरातला मुलगा म्हणायचा, "हा बंद पडला की घर मुकं होतं." ते ऐकून माझे दिवे जरा जास्तच लुकलुकायचे.

मग सुनेला सातवा महिना लागला. शेजारीण चहाला आली आणि माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाली, "किरणं सोडतो हो हा. पोटातल्या जिवाला बाधतात." सासूबाईंचा कप हातातच राहिला. तेव्हापासून त्या माझ्याकडे घरात साप निघाल्यासारखं बघू लागल्या. मित्रांनो, आपण विषारी आहोत की नाही हे आपल्यालाच ठाऊक नसावं, याच्यासारखी लाज नाही. लपायला जागा असती तर मीच लपलो असतो.

जागा सासूबाईंनी शोधली. मुलाची नोकरी सुटलेली, सगळी भिस्त सुनेवर. घरबसल्या करायच्या कामासाठी तिची पडद्यावर मुलाखत होती. ती दार लोटून बसली, आणि सासूबाईंनी मला पिठाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात घातलं. वायरींमुळे झाकण बसेना, म्हणून वर इस्त्री ठेवली.

"सोड आता किती सोडतोस ते."

आतून मी हाका मारत राहिलो. त्या पत्र्यावर आपटून माझ्याच अंगावर परत येत होत्या.

सून डोळे पुसत बाहेर आली. "आई, मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा चेहराच पडद्यावर थिजला. मग गेलेच ते." तिची नजर डब्याकडे गेली. "हे काय?"

"बाळासाठी गं."

सुनेने इस्त्री उतरवली आणि मला बाहेर काढून पुन्हा कपाटावर ठेवलं. तिचे ओले डोळे सासूबाईंच्या फार जिव्हारी लागले.

पुढच्या तपासणीहून दोघी परतल्या तेव्हा सून नवऱ्याला सांगत होती, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या लहरी दुबळ्या असतात, एक्स-रेसारख्या नव्हेत. घरातल्या राऊटरने बाळाला अपाय होतो असं काही आढळलेलं नाही."

"आणि मला म्हणाल्या, आजी, कोंडलंत तर तापेल तेवढा बिचारा," सासूबाई खाली बघत पुटपुटल्या.

सुनेने मुलाखतीची वेळ पुन्हा मागून घेतली. पडदा उजळला तशा सासूबाई पदराला हात पुसत तिच्याआधी पुढे झाल्या. "साहेब, त्या दिवशी हिचा आवाज मी बंद केला. यंत्र डब्यात कोंडलं होतं. अक्कल माझी गहाण पडली, शिक्षा हिला नको."

पलीकडून हसू आलं. "आमच्या आईने तर आमचा राऊटर टॉवेलात गुंडाळलाय, आजी. बसवा त्यांना."

मित्रांनो, माझ्या लहरींना वजन नसतं म्हणतात. पण मान खाली घातलेल्या त्या बाईंचे शब्द माझ्यातून पलीकडे जात होते, तेव्हा मला ते पेलवेनात. धास्ती वाटली तर जाणत्याला विचारा. माझ्यावर झाकण ठेवण्याआधी एवढंच बघा, आत्ता माझ्यातून कोण बोलतंय.