नुमिसियसांचा मुखवटा

बाबांचं प्रेत अजून घरात होतं आणि दूरच्या हिस्पानिया प्रांतातून आलेला हा माणूस दारात उभा राहून म्हणत होता, "दादा, मीही नुमिसियसच. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू."

"मालकाने मोकळा केलेला प्रत्येक गुलाम मालकाचंच कुळनाव लावतो," मी फटकारलं. "उद्या माझा न्हावीही नुमिसियस होईल!"

"मग परीक्षा घ्या की."

घेतलीच. आमच्यात अंत्ययात्रेला पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घालून माणसं चालतात. प्रत्यक्ष चेहऱ्यावरून ओतलेले ते मुखवटे कपाटात होते. पणजोबांचा काढून मी त्याच्या हातात कोंबला. "लाव. रक्त आमचं असेल तर बसेल."

बसला. कपाळ, नाक, हनुवटी, कुठे फट म्हणून नाही.

"मेण उन्हाने मऊ झालंय!" मी ओरडलो आणि मुखवटा हिसकावून स्वतःच्या तोंडावर दाबला. नाकाला टोचला. हनुवटी बाहेरच राहिली.

मला लहानाचं मोठं करणारी म्हातारी दासी ख्रेस्ते शेजारीच उभी होती.

"तूच सांग, ख्रेस्ते, आमच्यात खोटा कोण?"

तिने आधी आईच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मग घाईघाईने मान खाली घातली.