दाराशी

कादंबरीने सँडल हातात घेतल्या आणि फ्लॅटचं दार आवाज न करता लोटलं. सकाळी लेकीच्या, एकताच्या शाळेतून काउन्सेलरचा फोन आला होता. मुलगी वर्गात झोपते, नेटबॉलची टीमही तिने कुणाला न सांगता सोडलीय. शाळा सुटली की थेट घरी पळते. कादंबरी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली होती. पंधरा वर्षांच्या मुलीला काय काय विचारायचं, याची तिने एमआरटी ट्रेनमध्ये मनातल्या मनात उजळणीही केली होती. मोबाइल, मैत्रिणी, एखादा मुलगा.

आत कुणीतरी बोलत होतं.

बेडरूमच्या बंद दाराला पाठ टेकून एकता जमिनीवर बसली होती. अंगावर युनिफॉर्म, दप्तर खांद्यावर तसंच.

"बाबा, लोखंड गंजलं की त्याचं वजन कमी होतं, करेक्ट?"

एकताने मान वळवून कान दाराला लावला. तिने श्वास रोखलाय हे कादंबरीला लांबूनही दिसलं.

"वाढतं," रत्नदीपचा घोगरा आवाज आला. "हवेतला ऑक्सिजन येऊन त्याला जोडला जातो, बेटा. म्हणून वाढतं."

एकताने श्वास सोडला.

वन-नॉर्थमधल्या लॅबमधली रत्नदीपची नोकरी गेली, बुओना व्हिस्टा भागातला ऐसपैस कॉन्डो सुटला आणि ते या लहानशा फ्लॅटमध्ये आले. तेव्हापासून तो त्या खोलीतच होता. 'थकलाय, सावरेल,' असं कादंबरी सगळ्यांना सांगत आली होती, स्वतःलासुद्धा. सकाळी दाराबाहेर चहा ठेवून ती ऑफिस गाठायची. तिच्यामागे या घरात काय चालतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

एकताला ती दिसली. तिने पटकन ओठांवर बोट ठेवलं. कादंबरी तिच्या शेजारी खाली बसली.

"हे तर तुला केव्हाचं येतं," ती कुजबुजली.

"येतं गं. पण मी बरोबर बोलले ना, की ते नुसतं 'हं' म्हणतात. चुकलं की पूर्ण वाक्य बोलतात."

"रोज विचारतेस?"

"रोज. रात्री पण, तू हॉलमध्ये झोपलीस की. आवाज आला की मला कळतं, की..." ती थांबली. "इट्स ओके लाह, आई. सवय झाली."

कादंबरी तिच्याकडे बघतच राहिली. कुरतडलेली नखं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, आणि ही पोर एका माणसाला नुसत्या प्रश्नांनी धरून बसली होती. विहारात पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो, तसं काहीसं कादंबरीच्या आत झालं. मागोमाग भीतीही आली: एखाद्या रात्री आतून उत्तर आलंच नसतं तर?

"तू झोप आता," ती म्हणाली. "मी बसते इथे."

"तुला कुठे केमिस्ट्री येते?"

"चुकायचंच आहे ना?"

एकता हसता हसता राहिली. तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि दप्तरासकट तिथेच तिचा डोळा लागला.

कादंबरीला रसायनशास्त्रातलं चुकीचं सांगण्याइतकंही काही आठवेना. तिने बंद दाराकडे पाहिलं.

"रत्नदीप," ती म्हणाली, "आपली एकता अगदी मजेत आहे. काळजीचं काही नाही."

आत पलंग करकरला. कडी सरकली.

दाढी वाढलेला रत्नदीप उंबऱ्यात उभा राहिला. खाली बघता बघता तो लेकीशेजारी बसला. तिची झोप मोडणार नाही अशा बेताने त्याने दप्तराचा एकेक पट्टा तिच्या खांद्यावरून उतरवला.

"डॉक्टरांकडे जाऊ या," तो म्हणाला. "आधी मला घेऊन चल."