वळून गेलेला चर

मित्रांनो, मी एक वयस्कर सांडा आहे, वाळवंटातली, काटेरी शेपटीची मादी. पालीची लांबची नातलग म्हणा हवे तर, पण भिंतीवर चढणे आमच्या घराण्यात नाही.

माझा जन्म आईच्या बिळात झाला. लहानपणी मुंग्या, भुंगे, जे सापडेल ते खाल्ले. मोठी झाल्यावर पाल्याफुलांवर आले. पाणी क्वचितच पिते, पानांतला ओलावा मला पुरतो. सकाळी माझे अंग काळपट असते, म्हणजे ऊन लवकर मुरते. तापले की फिकट होते. थंडीत बिळाचे तोंड वाळूने बुजवते आणि शेपटीतल्या चरबीवर झोप काढते.

एका उन्हाळ्यात मी बिळाच्या तळाशी अंडी घातली आणि काही दिवसांतच जमीन हादरू लागली. पाण्याच्या नळासाठी चर खणत एक यंत्र माझ्याच दिशेने येत होते. मी शेपटी बिळाच्या तोंडात अडकवून बसले. कोल्हा तिला बिचकतो. लोखंडी दातांपुढे तिचे काय चालणार?

यंत्र थांबले. चालक उतरला. कामावरची इंजिनिअर त्याची थोरली बहीण होती.

"ताई, इकडे ये. दगड म्हणावा, तर श्वास घेतोय."

ती लांबवर वाळूत पालथी पडून पाहत राहिली. बऱ्याच वेळाने मी डोके बाहेर काढले.

"नाकाला पांढरं काय लागलंय? सर्दी झालीय का हिला?"

"मीठ आहे ते. अंगातलं जादा मीठ नाकावाटे टाकते ही. आत अंडी असतील बघ, दिवस तेच आहेत."

"मग उचलून पलीकडे ठेवू."

"नको रे. अंडं उलटंसुलटं झालं तर आतलं पिल्लू दगावतं. चर वळव."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. मी बोलते."

साहेब ओरडलेच. पण चर वळला, आणि वाया गेलेला वेळ दोघांनी सुट्टीच्या दिवशी राबून भरून काढला.

काही अंडी तशीच राहिली. हादऱ्यांमुळे का, कोण जाणे. बाकीची फुटून पिल्ले बाहेर आली. भाऊ-बहीण पिल्ले पाहायला आले, तेव्हा सगळ्यात धिटुकले पिल्लू बिळाच्या तोंडाशी येऊन त्यांच्याकडे टकमक पाहत होते.

मित्रांनो, बीळ दिसले तर आत काडी घालू नका. थोडे लांब बसा. आम्हालाही तुम्हाला पाहायचे असते.