शेवटची अकरा मिनिटं

नाकमुरडीने डीव्हीडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि तोंड वाकडं केलं. घरात तिला हे नाव पडलं होतं ते याच सवयीमुळे. नोकरी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये, पण तिथल्या बाटल्यांची कधी आली नाही तेवढी किळस तिला दादाच्या कपाटाची आली. तिच्या लग्नाची एकुलती एक डीव्हीडी या भावाने जुन्या मोज्यांखाली उघडीच टाकली होती. एका बाजूला तेलकट ठसे आणि कसलासा चिकट डाग. दुसऱ्या बाजूला कागदाचं गोल लेबल, त्यावर दादाचा हसरा फोटो. लग्न हिचं आणि थोबाड याचं!

आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचा आवाज आता एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. सासरी निघायच्या वेळी आई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती, इतकंच नाकमुरडीला आठवत होतं. काय बोलली ते आठवत नव्हतं, कारण प्लेअर नेहमी तिथेच अडायचा. आईचा आवाज आपल्या लेकीला ऐकवायचा, म्हणून तिला प्रती काढायच्या होत्या.

पण कॉपी सत्याऐंशी टक्क्यांवर यायची, ड्राइव्ह घरघरायचा आणि एरर. तिने डाग पुसला, मऊ फडक्याने, मधून कडेकडे. दुसरा ड्राइव्ह लावला. महागातल्या कोऱ्या डीव्हीडी आणल्या. पुन्हा सत्याऐंशी.

"दादा, जेवलास का रे हिच्यावर? शी!"

"एवढं आलं ना? पुरे की," दादा खुर्चीतून न हलता म्हणाला. "पुढे नुसती निघायची धावपळ आहे."

"आईचा आवाज आहे तिथे. आणि तू म्हणतोस पुरे?"

याला आईचंही काही पडलेलं नाही, या विचाराने तिला त्याच्याकडे बघवेना.

पाचव्या वेळी ती घरघर तिच्या ओळखीची वाटली. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवायचं यंत्र असतं. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं नसलं की ते अस्संच थरथरतं. तिने डीव्हीडी काढून डोळ्यांसमोर आडवी धरली. लेबल एका बाजूला सरकून चिकटलं होतं, कडेला फुगलं होतं, आणि शेवटचा भाग असतो तो कडेलाच.

"तुझ्या थोबाडाचा भार झालाय तिला," ती म्हणाली.

तिने लेबल कोमट पाण्यात भिजवलं आणि नखाने सोडवलं. आधी कान सुटला, मग मिशी. डिंकाचा बुळबुळीत थर बोटांना लागला तसं तिने नाक मुरडलं, पण नेटाने सगळं साफ केलं. डीव्हीडी वाळवून, वेग अगदी कमी ठेवून कॉपी लावली. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी... शंभर. तिने घाईघाईने शेवटची अकरा मिनिटं उघडली.

पडद्यावर आई आली. केस विस्कटलेले, पावडर ओघळलेली, नाक वाहतंय.

"माझी पोर आता..." एवढंच आई म्हणाली.

"शी! आई, नाक पूस आधी. काय अवतार हा! अहो कॅमेरावाले, हे नका घेऊ."

तो आवाज नाकमुरडीचाच होता.

"बोलू दे ना तिला," मागून तरुण दादा म्हणाला.

"नको रे, बरोबर आहे तिचं." आईने मनगटाने नाक पुसलं आणि ओशाळं हसून ती बाजूला झाली. पुढची दहा मिनिटं नुसतं गाडीत सामान चढत होतं.

नाकमुरडीला स्वतःचीच किळस आली. दादा अजून खुर्चीतच होता.

"म्हणून म्हणत होतो, तेवढं पुरे," तो हळूच म्हणाला. "कापून टाकू का शेवट?"

"नको. लेकीला सगळं दिसू दे."

तिने कोरी डीव्हीडी आत सरकवली. तिचं नाक वाहू लागलं होतं. दादाने रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही.